गुलामगिरी नसती तर अमेरिका कशी असती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या इतिहासावर गप्पा रंगल्या की 'समजा, तिथे गुलामगिरी आलीच नसती तर?' हा प्रश्न कुणीतरी काढतंच. उत्तरं दोन तयार असतात. एक, सगळं छान झालं असतं. दोन, देश गरीब राहिला असता. मला दोन्ही पटत नाहीत. का पटत नाहीत ते खाली, लोक ज्या क्रमाने विचारतात साधारण त्याच क्रमाने.

मुळात वजा काय करायचं?

हे आधी ठरवलं नाही तर वाद नुसता गोल फिरतो. अटलांटिक ओलांडून झालेला गुलामांचा सगळाच व्यापार पुसायचा म्हटलं, तर सुमारे सव्वा कोटी माणसं आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जहाजांत चढवलीच गेली नाहीत, असं धरावं लागेल. त्यातली आजच्या अमेरिकेच्या भूमीवर थेट उतरवलेली माणसं चार लाखांच्याही आत होती. बाकीची मुख्यतः ब्राझील आणि कॅरिबियन बेटांवर गेली. म्हणजे तो धागा ओढला की ब्राझील, क्युबा, जमैका, हैती, सगळंच उसवतं.

हैतीचंच बघा. तिथल्या गुलामांनी १७९१ मध्ये बंड केलं, नेपोलियनच्या फौजेला धूळ चारली आणि १८०४ मध्ये स्वतंत्र देश उभा केला. ते साखरेचं बेट हातातून निसटतंय म्हटल्यावर नेपोलियनला मिसिसिपीच्या खोऱ्यातल्या फ्रेंच मुलखाचं फारसं काम उरलं नाही. १८०३ मध्ये त्याने तो दीड कोटी डॉलरला विकून टाकला आणि अमेरिकेचं क्षेत्रफळ एका सहीने जवळपास दुप्पट झालं. गुलामच नसते तर बंड नाही, बंड नसतं तर कदाचित ही विक्री नाही, आणि मग अमेरिका मिसिसिपीच्या अलीकडेच थांबली असती की काय, कोण जाणे.

म्हणून मी खेळाचा नियम सोपा ठेवतो. जग तसंच राहू द्या, फक्त ज्या वसाहतींची पुढे अमेरिका झाली त्यांनी माणसाची मालकी कायद्याने मान्य केली नाही, एवढंच धरा. खालची बहुतेक उत्तरं याच नियमाने दिली आहेत.

पण त्या काळात दुसरा पर्याय होता का? सगळं जगच तसं होतं ना?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा ऐकू येतो आणि त्याचं उत्तर जॉर्जियात सापडतं. होय, त्याच जॉर्जियात, जिचं नाव पुढे कापसाच्या मळ्यांशी कायमचं जोडलं गेलं.

जेम्स ओगलथॉर्प आणि लंडनमधल्या त्याच्या सहकारी विश्वस्तांनी १७३३ मध्ये ही वसाहत वसवली. इंग्लंडातल्या गरिबांनी इथे येऊन स्वतःच्या हाताने शेती करावी, अशी कल्पना होती. जमिनीला मर्यादा घातली, कुणालाही ५०० एकरांपेक्षा जास्त नाही. रमवर बंदी. आणि १७३५ मध्ये कृष्णवर्णीय गुलाम आणण्यावर बंदी. हे काही संतमंडळ नव्हतं. दक्षिणेला फ्लोरिडात स्पॅनिश बसले होते आणि पळून येणाऱ्या इंग्रजांच्या गुलामांना ते स्वातंत्र्य देत. सरहद्दीवरच्या वसाहतीत गुलाम ठेवणं म्हणजे शत्रूला आयती फौज पुरवणं, हा साधा हिशोबही बंदीमागे होता.

नदीपलीकडे दक्षिण कॅरोलिना होती. तिथे भातशेतीवर मळेवाले गब्बर होत होते आणि १७०८ च्या सुमारासच कृष्णवर्णीयांची संख्या गोऱ्यांहून जास्त झाली होती. ते वैभव सव्हाना गावातून रोज दिसायचं. १७३८ च्या अखेरीस तिथल्या शंभराहून अधिक गोऱ्या रहिवाशांनी अर्ज केला की आम्हाला गुलाम द्या, नाहीतर आम्ही बुडालो. त्याला लगेच उत्तर आलं, तेही जॉर्जियातूनच. डेरियन या वस्तीतल्या अठरा स्कॉटिश हायलँडरांनी जानेवारी १७३९ मध्ये उलट अर्ज केला. आम्हाला गुलाम नकोत, असं त्यांनी लिहिलं. शत्रू शेजारी आहे, कर्ज होईल, पहाऱ्यात रात्री जातील, ही कारणं दिलीच. शिवाय एखाद्या मानववंशाला पिढ्यान्‌पिढ्या गुलामीची शिक्षा देणं माणसाच्या स्वभावालाच धक्का देणारं आहे, असंही स्पष्ट म्हटलं. एबेनेझर इथे राहणारे साल्झबर्गचे जर्मन निर्वासितही त्यांच्या बाजूने होते. त्याच वर्षी सप्टेंबरात दक्षिण कॅरोलिनात स्टोनो नदीकाठी गुलामांचं बंड झालं आणि हायलँडरांचं म्हणणं किती खरं होतं ते दिसलं.

तरी बंदी टिकली नाही. अर्ज-विनंत्या चालूच राहिल्या. जॉर्ज व्हाइटफील्डसारखा नामांकित धर्मोपदेशकही, आपलं अनाथालय चालवायला गुलाम हवेत, म्हणून गुलामगिरीच्या बाजूने बोलू लागला. (अनाथालय! मला हा तपशील दर वेळी अडखळवतो.) १ जानेवारी १७५१ पासून बंदी उठली. तेव्हा जॉर्जियात गुलामांची संख्या ५०० च्या आत होती; १७७५ पर्यंत ती १८,००० च्या घरात गेली.

तेव्हा 'काळच तसा होता' हे पुरतं खरं नाही. सोळा वर्षं एका वसाहतीच्या कायद्यात 'नाही' लिहिलेलं होतं. ते कुणीतरी, नावानिशी सह्या करून, खोडलं.

१६१९ मध्ये पहिलं जहाज आलं तेव्हाच सगळं ठरलं नव्हतं का?

नाही. त्या वर्षी ऑगस्टमध्ये व्हर्जिनियाच्या पॉइंट कम्फर्ट इथे विसावर अंगोलन माणसं आणली आणि धान्य-सामग्रीच्या बदल्यात दिली गेली, हे खरं. पण आयुष्यभराची आणि वंशपरंपरागत गुलामी त्या दिवशी कायद्यात नव्हती. ती पुढची चाळीस-पन्नास वर्षं तुकड्यातुकड्याने शिवली गेली.

एक तुकडा बघा. एलिझाबेथ की ही व्हर्जिनियातली स्त्री. आई आफ्रिकन आणि गुलाम, बाप इंग्रज. तिने आपल्या स्वातंत्र्यासाठी दावा लावला आणि १६५६ मध्ये तो जिंकला. इंग्लंडच्या रूढ कायद्यात मुलाचा दर्जा बापावरून ठरत असे, हा तिच्या बाजूचा एक मुद्दा होता. १६६२ मध्ये व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने नियमच फिरवला: मूल स्वतंत्र की गुलाम हे आईवरून ठरेल. एका ओळीत दोन कामं झाली. एलिझाबेथने वापरलेली वाट बुजली, आणि गुलाम स्त्रीवर अत्याचार करणाऱ्या मालकाला होणारं मूल त्याचीच मालमत्ता ठरू लागलं. 'गुलामगिरी नसती तर' याची एक अगदी छोटी आवृत्ती म्हणजे ही ओळ लिहिली गेली नसती तर.

मग शेती कुणी केली असती?

सुरुवातीला करत होते तेच: करारबद्ध गोरे मजूर. बोटीच्या भाड्यापायी चार ते सात वर्षं राबायचं आणि मग सुटायचं. ही व्यवस्थाही फार दयाळू नव्हती, करार संपण्याआधी मरणारे कमी नव्हते. पण करार संपत असे आणि तो मुलाबाळांवर जात नसे. तंबाखू लहान शेतकऱ्यालाही जमतो, गहू-मका तर जमतोच. भाताचं मात्र वेगळं. दक्षिण कॅरोलिनाच्या दलदलीत, हिवतापाच्या हवेत, बांध घालून भरती-ओहोटीच्या पाण्यावर भात पिकवायला पैसे घेऊन कुणी राजीखुशीने गेलं असतं का, याची मला शंका आहे. बहुधा तो भात पिकलाच नसता, आणि चार्ल्सटनचे ते देखणे वाडे उभे राहिले नसते.

गुलामांच्या श्रमाशिवाय अमेरिका श्रीमंत झाली असती का?

इथे दोन्ही बाजूंचे लोक आवाज चढवतात, म्हणून जरा सावकाश.

कापसाचं वजन मोठं होतं यात वाद नाही. आतल्या भागात उगवणाऱ्या आखूड धाग्याच्या कापसाची सरकी हाताने काढायची तर एक माणूस दिवसभरात जेमतेम पौंडभर रुई साफ करी. एली व्हिटनीच्या १७९३ च्या यंत्राने हाच आकडा पन्नास पौंडांवर नेला. म्हणजे यंत्राने मजुरी वाचली? उलट झालं. सरकीचा अडथळा गेल्यावर जितका वेचाल तितका कापूस विकला जाऊ लागला आणि वेचणारे हात सोन्याच्या भावाने महागले. १८६१ मध्ये उत्तरेची आणि दक्षिणेची राज्यं एकमेकांविरुद्ध उठली, त्या यादवी युद्धापर्यंतच्या सत्तर वर्षांत सुमारे दहा लाख गुलाम व्हर्जिनिया-मेरीलँडकडून अलाबामा-मिसिसिपी-लुइझियानाकडे हलवले गेले, पुष्कळसे विकून, घरादारापासून तोडून. १८६० मध्ये देशाच्या निर्यातीत निम्म्याहून अधिक मूल्य एकट्या कापसाचं होतं. गुलामांची संख्या ३९,५३,७६० होती आणि त्यांची बाजारातली एकूण 'किंमत' साडेतीन अब्ज डॉलरच्या आसपास काढली जाते. देशातल्या सगळ्या रेल्वे आणि कारखान्यांत मिळून गुंतलेल्या भांडवलाहून ती जास्त होती.

हे ऐकून लोक म्हणतात, बघा, त्याशिवाय अमेरिका उभीच राहिली नसती. थांबा. निर्यातीतला वाटा म्हणजे देशाच्या उत्पन्नातला वाटा नव्हे. एकूण उत्पन्नात कापूस पाच-सहा टक्क्यांच्या आसपासच होता. दुसरं, ते साडेतीन अब्ज म्हणजे काही नवी संपत्ती नव्हे. माणसं होतीच, त्यांची कमाई त्यांच्या खिशातून काढून दुसऱ्याच्या वहीत लिहिली, एवढंच. तिसरं, गुलामगिरी संपल्यावर कापूस संपला का? १८८० च्या सुमारास पिकाने युद्धापूर्वीचा आकडा ओलांडलासुद्धा. (अर्ध्या वाट्याच्या बटाईने आणि कर्जाच्या फासाने पिकवलेला तो कापूस होता, त्याला मोकळं श्रम म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण माणसाची खरेदी-विक्री त्यात नव्हती.)

१८३१ मध्ये ओहायो नदीतून प्रवास करणाऱ्या एका फ्रेंच पाहुण्याने दोन्ही तीर न्याहाळले होते. डाव्या हाताला केंटकी, गुलामगिरी असलेलं. उजव्या हाताला ओहायो, जिथे १७८७ च्या कायद्याने ती आधीच बंद केलेली. माती तीच, पाऊस तोच. उजवीकडे गजबज, डावीकडे सामसूम, असं त्याने लिहून ठेवलं. एवढ्यावर निकाल लावू नये, पण दिशा कळते.

माझा अंदाज: कापूस उशिरा आणि कमी आला असता, महाग असता, मँचेस्टरच्या गिरण्यांची वाढ धीमी झाली असती, न्यूयॉर्कच्या दलालांनी आणि विमा कंपन्यांनी दुसरा धंदा शोधला असता. देश श्रीमंत झाला असताच. फक्त कोण श्रीमंत झालं असतं, ती यादी वेगळी असती. दक्षिणेत शाळा, रस्ते, गावं यांत पैसा गेला असता. गुलामांत अडकलेला पैसा गावाला काही देत नाही.

उत्तरेचे हात तर स्वच्छच होते ना?

नव्हते. अमेरिकन जहाजांनी केलेल्या गुलामवाहतुकीत निम्म्याहून अधिक फेऱ्या चिमुकल्या ऱ्होड आयलंडमधून निघत, आणि न्यूयॉर्क राज्यात गुलामगिरी पूर्ण संपायला १८२७ उजाडलं.

राज्यघटना वेगळी झाली असती का?

हो, आणि इथे मी 'कदाचित' म्हणणार नाही. १७८७ मध्ये फिलाडेल्फियात घटना लिहिताना ठरलं की प्रतिनिधी-संख्या मोजताना गुलाम तीन-पंचमांश धरायचा. मत शून्य, पण त्याच्या नावावर मालकाच्या राज्याला जादा जागा. अध्यक्ष थेट लोकांच्या मतांनी निवडावा हा विचार पुढे आला तेव्हा घटना लिहिणाऱ्यांतल्या प्रमुखांपैकी एक, जेम्स मॅडिसनने अडचण मोकळेपणाने मांडली होती: दक्षिणेत मतदार कमी, तिथल्या गुलामांमुळे तिला थेट मतदानात काहीच लाभ नाही. निर्वाचक मंडळाची पद्धत, म्हणजे राज्याराज्याला ठरावीक निर्वाचक देऊन त्यांच्या मतांनी अध्यक्ष निवडायचा, ती येण्याची कारणं आणखीही होती, पण हे त्यातलं एक ठळक.

परिणाम लगेच दिसला. १८०० च्या निवडणुकीत पेनसिल्व्हेनियात स्वतंत्र माणसं व्हर्जिनियाहून जास्त, पण निर्वाचक व्हर्जिनियाचे २१ आणि पेनसिल्व्हेनियाचे १५. जेफरसन ७३ विरुद्ध ६५ असा ॲडम्सच्या पुढे गेला. गुलामांच्या डोक्यांवर मिळालेल्या डझनभर जागा काढा, की अध्यक्ष ॲडम्सच. पहिल्या बारा अध्यक्षांपैकी दहा जण आयुष्यात कधी ना कधी गुलामांचे मालक होते. न होते ते दोघे म्हणजे हे ॲडम्स आणि त्यांचा मुलगा.

राजधानीसुद्धा पोटोमॅक नदीकाठी गेली ती १७९० च्या एका देवघेवीत. राज्यांची कर्जं केंद्राने उचलायची आणि त्याबदल्यात राजधानी दक्षिणेकडे सरकवायची. नवं शहर उभं राहीपर्यंतची दहा वर्षं ती फिलाडेल्फियात होती, जिथे सहा महिने सलग राहिलेला बाहेरचा गुलाम मुक्त ठरू शके. म्हणून जॉर्ज वॉशिंग्टन आपल्या घरातले गुलाम सहा महिने भरायच्या आत राज्याबाहेर फिरवून आणत. एवढं करूनही त्यांची ओना जज ही तरुणी १७९६ मध्ये तिथूनच निसटली, ती पुन्हा हाती लागली नाही.

यादवी युद्ध टळलं असतं?

१८६१ चं ते युद्ध, हो. त्यात मेलेले सैनिक जुन्या हिशोबाने ६,२०,०००, नव्या अंदाजांप्रमाणे त्याहूनही जास्त. पण युद्धाबरोबर आणखी एक गोष्ट टळली असती, आणि ती लोकांच्या लक्षात येत नाही: चौदावी घटनादुरुस्ती.

१८६८ च्या या दुरुस्तीने, अमेरिकेत जन्मलेला तो नागरिक, आणि कायद्याचं समान संरक्षण सर्वांना, हे घटनेत लिहिलं. कृष्णवर्णीय माणूस नागरिक असूच शकत नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा १८५७ चा ड्रेड स्कॉट निकाल पुसण्यासाठी ती आली. पण तिचा आधार सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या वाँग किम आर्क या चिनी आईबापांच्या मुलाने १८९८ मध्ये घेतला. १९५४ मध्ये शाळांतला वर्णभेद, १९६७ मध्ये आंतरवंशीय विवाहांवरची बंदी हिच्याच जोरावर गेली. गुलामगिरी नसती तर हे हक्क वेगळ्या वाटेने आले असते की आलेच नसते? मला ठाऊक असलेल्या उत्तरांपैकी एकही समाधानकारक नाही.

म्हणजे वंशभेद तरीही राहिला असता?

काही प्रमाणात नक्की. १७९० च्या कायद्याने बाहेरून येणाऱ्यांपैकी फक्त 'स्वतंत्र गोऱ्या व्यक्तीं'ना नागरिकत्व देऊ केलं होतं, १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना दार बंद केलं, आणि १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांना सर्वोच्च न्यायालयाने, तुम्ही गोरे नाही, म्हणून नागरिकत्व नाकारलं. दुसऱ्याला परकं ठरवायला गुलामगिरीच लागते असं नाही. मात्र 'रक्ताचा एक थेंब' मोजण्याची, म्हणजे एक जरी पूर्वज आफ्रिकन असला तरी माणसाला काळा ठरवण्याची जी खोड त्या देशाला लागली, तिला खतपाणी घातलं ते वरच्या १६६२ च्या ओळीने. माणसाची मालकी नसती तर रंग हा कायद्याचा दर्जा झाला नसता, एवढं म्हणता येईल. आज तिथे स्थायिक झालेल्या भारतीयांचा मार्ग ज्या १९६५ च्या कायद्याने मोकळा केला, तो नागरी हक्कांच्या चळवळीच्या लाटेवरच मंजूर झाला, हेही जाता जाता.

आदिवासींच्या जमिनी वाचल्या असत्या?

वाचल्या नसत्या, पण घाई कमी झाली असती. १८३० च्या कायद्यानंतर चेरोकी, क्रीक, चॉक्टॉ यांना ज्या वेगाने हुसकलं, त्यामागे कापसाच्या जमिनीची हाव होती. १८३८-३९ मध्ये सुमारे १६,००० चेरोकींना पश्चिमेला पिटाळताना अंदाजे ४,००० दगावले.

गुलामगिरी नसती तर अमेरिकेत कृष्णवर्णीय लोकच नसते, नाही का?

हा प्रश्न काही जण निरागसपणे विचारतात, काही जण तितक्या निरागसपणे नाही. 'गुलामगिरी नसलेली अमेरिका' रंगवताना बरेच जण नकळत 'आफ्रिकी माणसं नसलेली अमेरिका' रंगवतात आणि ते चित्र तेवढंच गोरं-गोमटं वाटून घेतात. त्या चित्रात बॅंजो नाही, ब्लूज नाही, जॅझ नाही, गॉस्पेल नाही. भेंडी नाही, चवळी नाही. भाताच्या पाण्याचं गणित जाणणारे पश्चिम आफ्रिकी शेतकरी नाहीत.

बोस्टनमध्ये १७२१ ला देवीची साथ आली तेव्हा शहराला टोचणीची युक्ती कळली ती ओनेसिमस नावाच्या गुलामाकडून. आफ्रिकेत आपल्याला असं टोचलं होतं, असं त्याने आपला मालक कॉटन मॅदर या पाद्र्याला आधीच सांगून ठेवलं होतं. टोचलेल्यांपैकी साधारण २ टक्के दगावले, न टोचता देवी आलेल्यांपैकी १४ टक्के. आता कल्पना करायचीच तर अशी करा, की ओनेसिमस बोस्टनला आला तो भाडं भरून, खलाशी म्हणून किंवा वैद्य म्हणून, आणि साथ सरल्यावर त्याने आपली फी मागितली.

आपल्याकडे याचे काही पडसाद?

आहेत. यादवी युद्धाने अमेरिकन कापूस अडला तेव्हा मुंबईत पैशाचा पूर आला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तो ओसरून पेढ्या बुडाल्या. जोतीराव फुल्यांनी १८७३ मधला आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सदाचारी लोकांना अर्पण केला. आपल्याकडे हा शब्द उच्चारला की दोन देश एकदम आठवतात ते त्यामुळे.

नुकसानभरपाई कधी दिली गेली का?

दिली गेली. मालकांना. एप्रिल १८६२ मध्ये राजधानीच्या जिल्ह्यातले गुलाम मुक्त केले तेव्हा संघराज्याला निष्ठावान असलेल्या मालकाला माणशी ३०० डॉलरपर्यंत मिळाले. मुक्त झालेल्याला देश सोडून जायची तयारी असेल तर १०० डॉलरपर्यंत देऊ केले होते. जानेवारी १८६५ मध्ये उत्तरेच्या फौजेच्या जनरल शर्मनने किनाऱ्यालगतची जमीन, कुटुंबामागे ४० एकरांपर्यंत, मुक्त लोकांसाठी राखली. त्याच वर्षी अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनने बहुतेक जमीन जुन्या मालकांना परत केली.

ज्यांचे पूर्वज गुलाम होते ते आपला वंशवृक्ष शोधतात तेव्हा काय होतं?

१८७० ला अडतात. त्या वर्षीच्या जनगणनेत त्यांच्या पूर्वजांची नावं पहिल्यांदा सरसकट लिहिली गेली. त्याआधीच्या दोन जनगणनांत, १८५० आणि १८६० मध्ये, गुलामांसाठी वेगळे तक्ते होते. वर मालकाचं नाव. खाली एकेका ओळीत वय, लिंग, रंग: ३४, स्त्री, काळा. ९, पुरुष, मिश्र. पळून गेला आहे का, आंधळा-मुका-बहिरा आहे का, याला रकाना होता. गुलामाच्या नावाला रकाना नव्हता. वंशज मग मालकाचं मृत्युपत्र, कर्जाचे कागद, विक्रीच्या पावत्या चाळतात आणि १८७० मधल्या एखाद्या चव्वेचाळीस वर्षांच्या बाईचं वय दहाने कमी करून ती चौतीसची ओळ शोधत बसतात.